दोन ते चार

मुलाने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आई, रविवारी शोकसभेत हे एवढंच वाचायचं. दोन मिनिटांत होईल."

मी चष्मा लावला. 'एकनिष्ठ पती, प्रेमळ पिता आणि नातीचे लाडके आजोबा' अशी सुरुवात होती. मधे मास्तरांचा जन्म, शिक्षण, दुकानाची चोपन्न वर्षं. शेवटी लिहिलं होतं, 'त्यांच्या हातांत जादू होती. ते हात थांबले. त्यांच्याबरोबर आमचं दुकानही आज थांबत आहे.'

"शेवटचं कुणी लिहिलं?"

"मीच. बरं वाटतंय ना?"

"छान आहे," मी म्हणाले. शाळेत निबंध लिहायचा म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. बाप गेल्यावर एकदम लेखक झाला.

मास्तरांना जाऊन सात आठवडे झाले होते. मास्तर म्हणजे माझे यजमान. कोट शिवणारे. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा म्हणून मीही म्हणायला लागले, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि मधे एक पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे माझा जन्म गेला. आता मुलाने ठरवलं होतं की पहिल्या तारखेपासून जागा शेजारच्या औषधवाल्याला द्यायची. तो मधली भिंत पाडायला कधीचा टपून बसला होता. आणि मी मुलाकडे राहायला जायचं, नवव्या मजल्यावर.

मुलाचं घर वाईट नाही. माझ्यासाठी खोली तयार आहे, पांढऱ्या भिंतींची. खिडकीला जाड काच आहे, ती उघडत नाही, कारण उघडली तर थंड केलेली हवा बाहेर जाते म्हणे. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही आता फक्त आराम करायचा." आराम मला कधी जमला नाही. गेल्या वर्षी चार दिवस राहिले होते तिथे. दुसऱ्या दिवशी मी पडद्यांच्या कडा उसवून पुन्हा घातल्या. तिसऱ्या दिवशी शिवायला काही उरलं नाही, तेव्हा काचेला नाक लावून खाली चालणाऱ्या लोकांच्या कोटांचे खांदे बघत बसले. एवढ्या वरून खांदे काही दिसत नाहीत. नुसती डोकी दिसतात.

"आणि दुकान मी चालवलं तर?" मी मुलाला विचारलं.

तो हसला. वाईट नाही हसला, लहान मूल 'मी विमान चालवणार' म्हणतं तेव्हा हसतात तसं. "आई, काजं-बटणं करणं वेगळं आणि कोट उभा करणं वेगळं. बाबांचा हात कुठून आणायचा आपण?"

मी कागदाची घडी घातली. दुसरं काय करणार? गेली सहा वर्षं या दुकानातून बाहेर पडलेला प्रत्येक कोट माझ्या हातचा होता. हे एक वाक्य बोलले की दुकान वाचत होतं. आणि हेच वाक्य बोलले की मास्तरांचं नाव जात होतं, तेही माझ्या तोंडून. सात आठवडे ते वाक्य माझ्या घशात अडकून होतं. गिळता येत नव्हतं, थुंकता येत नव्हतं.

कोणी म्हणेल, यात एवढं काय? नवऱ्याचे हात म्हातारपणी थकले, बायकोने सावरून घेतलं, सांगून टाकायचं. ज्याने मास्तरांना पाहिलं नाही तोच असं म्हणेल.

आमची ओळख एका मोठ्या कारखान्यात झाली. ते कटिंगच्या टेबलावर, मी काजं करणाऱ्या बायकांच्या रांगेत शेवटची. एकच कोट तीनदा परत घेऊन आले. "हे काज डोळे वटारतंय." तिसऱ्यांदा मी म्हणाले, "काज नाही, मी वटारतेय." सहा महिन्यांनी लग्न झालं. त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, आणि काजं-बटणं, हेम असली कामं पडद्यामागे माझ्याकडे आली; बाहीचं अस्तर मात्र ते दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. पडद्यामागून पुढचं सगळं दिसायचं. कोट कसा कापायचा, बाही मुंढ्यात कशी बसवायची, हे मला कुणी शिकवलं नाही. मी नुसती बघत आले.

तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकाला एक अक्षर कळायचं नाही, आम्हा घरच्यांना मात्र सगळं कळायचं. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात त्यांनी खिशातून टेप काढून त्याला मापलं आणि नर्सला सांगितलं, "बाह्या लांब लागणार." खरंच लागल्या. मुलाला कधी हात लावला नाही त्यांनी, कधी आवाज चढवला नाही. नात झाली ती काडीसारखी आणि पाय टाकू तिथे सापडायची, म्हणून तिचं नाव टाचणी ठेवलं. तिला टेबलावर बसवून मापं सांगायचे आणि ती तोंड वाकडं करून वहीत लिहायची. आजोबांच्या मांडीवर बसून तिने आधी पाऊण इंच शिकलं आणि मग पाढे. आता ती एकोणीस वर्षांची आहे आणि अजून कुठेही सापडते.

असा माणूस. पण गर्व होता. कामाचा गर्व असा की बोलायची सोय नाही. मुलाला शंभर वेळा सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माझा हात चुकेल त्या दिवशी पाटी उतरवायची. लोकांनी कीव करून कोट शिवून घेतलेला मला चालणार नाही." मुलाला ती काळ्या दगडावरची रेघ. बाबांचा हात कधी चुकला नाही, हे तो आपल्या ऑफिसात, मित्रांत, कुठेही सांगतो. त्याचा सगळा ताठा बापाच्या त्या हातावर उभा आहे.

आणि हात चुकला. सहा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी.

दुकानाच्या दारावर पाटी आहे, 'दुपारी दोन ते चार बंद'. त्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तर म्हणाले, "जरा आडवा होतो." आजवर दुपारी कधी आडवे झाले नव्हते. मी पडदा सारून दुकान झाडायला गेले, तर पुतळ्यावर एका मुख्याध्यापकांचा कोट चढवलेला. मी बघतच राहिले. दोन्ही बाह्या उलटसुलट बसवल्या होत्या, उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे. बाहीला कोपराशी बाक असतो, तो पुढे यायचा तो मागे गेलेला. बिचारा पुतळा पाठमोरा पळत असल्यासारखा दिसत होता. नवशिके पहिल्या महिन्यात ही चूक करतात. मास्तरांनी ती अठ्ठेचाळीस वर्षांनी केली, आणि त्यांना दिसलीही नव्हती.

मी हातातला झाडू खाली ठेवला. कोट मागे स्वयंपाकघरात नेला, बाह्या उसवल्या, बदलून बसवल्या. पावणेदोन तास लागले. चार वाजता मास्तर उठले, तोंड धुतलं, पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चला, इस्त्री तापव."

मला वाटलं, सुटले. कुठली सुटतेय! दुसऱ्या दिवशी कॉलर वाकडी. तिसऱ्या दिवशी खिशाचं झाकण दोन बोटं खाली. हात थरथरायला लागले होते, डोळ्यांत पडदा आला होता आणि डॉक्टरचं नाव काढलं की ते टाचण्या तोंडात घालायचे. मग ती रीतच पडली. सकाळी ते कापायचे, कच्चे टाके घालून कोट जोडायचे, दुपारी दोनला आडवे व्हायचे. मी घरात उसवायचे, शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, असेल तिथून चूक झाकायचे आणि पक्कं शिवायचे. चारला कोट पुतळ्यावर. सहा वर्षं मी दुपारी पाठ टेकली नाही. बहिणीच्या नातीच्या लग्नाला गेले नाही. कुठे दोन दिवस जायचं म्हटलं तरी मनात यायचं, मागे एखादा कोट तसाच गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला तर? त्या स्वयंपाकघराला एकच झरोका आहे, तोही औषधवाल्याच्या भिंतीकडे. तिथे बसून मी मास्तरांची अब्रू शिवत होते आणि पुढे लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "मास्तर, वय होतं तसा तुमचा हात सुधारतोच आहे." मी चहा घेऊन उभी.

राग यायचा का? यायचा. ट्रे आदळायचे मी. मग ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "काय झालं ग?" त्या तोंडाकडे बघून काय बोलणार?

गुरुवारी टाचणी आली. दुकान रिकामं करायचं होतं, म्हणून तिच्या बापाने तिला माझ्या मदतीला पाठवलं होतं. मास्तर दवाखान्यात गेले त्या सकाळी त्यांनी एक कोट जोडायला घेतला होता, तो अजून टेबलावर होता. नुसत्या कच्च्या टाक्यांवर उभा. मी त्याला सात आठवडे हात लावला नव्हता.

"आजी, हा मी पुरा करू का? तू सांग, मी करते," टाचणी म्हणाली आणि कोट उलटा करून टाके बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा डावरे होते?"

"नाही ग. डावरी मी. ते चांगले उजव्या हाताचे."

"मग गाठी इकडे कशा?"

"कुठे?"

तिने दाखवलं. कच्चा टाका घालताना दोऱ्याला आधी गाठ मारतात. उजव्या हाताचा माणूस गाठ उजवीकडे ठेवतो आणि डावीकडे शिवत जातो. मी उलटी. माझी गाठ डावीकडे असते. त्या कोटावर एकूण एक गाठ डावीकडे होती. उसवायला घेतलं की पहिली गाठ माझ्या डाव्या हाताशी यावी, कात्री लावावी आणि दोरा सरळ ओढून घ्यावा, अशी. उजव्या हाताने असं शिवायचं तर मनगट पिळून, कापड पोटाशी धरून, वाकडं बसावं लागतं. थरथरत्या हातांनी तर विचारूच नका.

मी म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं ग. चुकून झालं असेल."

टाचणी उठली. तिने कपाटातलं खालचं गाठोडं काढलं. त्यात मास्तरांनी जोडलेले आणि माझा हात न लागलेले अर्धवट कोट होते, ट्रायल देऊन गेलेली आणि पुन्हा न फिरकलेली गिऱ्हाइकं असतात त्यांचे. मास्तरांनी प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी टाचून ठेवली होती. आम्ही दोघींनी सगळे जमिनीवर पसरले. दोन वर्षांपूर्वीचा, गाठी डावीकडे. चार वर्षांपूर्वीचा, डावीकडे. त्या मंगळवारनंतर तीन आठवड्यांनी घेतलेला एक करडा कोट होता, त्याच्याही डावीकडे. आणि त्याच्या आदल्या वर्षीचा एक, त्याच्या सगळ्या उजवीकडे.

मी करडा कोट ओढून घेतला आणि पुन्हा एकेक गाठ चाचपली.

त्यांना माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. आणि मी, लांबून हेम बघून कारागिराचं नाव सांगणारी बाई, सहा वर्षं ते टाके उसवत होते आणि मला दिसलं नाही. मी चुका शोधत होते ना. गाठीकडे कोण बघतो? उसवायला सोपं जायचं तेव्हा मला वाटायचं, हात बसला आपला.

टाचणीला मग मी सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही रडले. मला इतका संताप आला होता की भांडायला माणूस समोर हवा होता. अहो, एकदा तरी म्हणायचं! पडदा बाजूला करून म्हणायचं, 'ऊठ, ये इकडे, टेबलाशी बस.' दोघं मिळून निम्म्या वेळात कोट केला असता. ते नाही झालं. मनगटं पिळून घेतली, पण तोंड उघडलं नाही. आणि मीही उघडलं नाही. दोघांनी एकमेकांना एका खोलीत कोंडलं आणि दोघंही बाहेरून कडी धरून बसलो.

"बाबांना सांग," टाचणी म्हणाली.

"तुझ्या बापाला? त्याच्याकडे बापाशिवाय आहे काय सांगण्यासारखं?"

"मग मी सांगते."

"खबरदार," मी म्हणाले. मास्तरांनी मरेपर्यंत जे झाकलं ते उघडायचा हक्क तिचा नव्हता. माझा तरी होता की नाही, कोण जाणे.

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या सभागृहात दीडेकशे माणसं जमली. मुलाने व्यासपीठावर मास्तरांचा फोटो ठेवला होता आणि त्यापुढे काचेच्या पेटीत त्यांची मोठी कात्री, टेप आणि खडूचा तुकडा. पेटीला कुलूप होतं. मी पहिल्या रांगेत, एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला टाचणी. बाहेर पडायचं म्हटलं तरी बारा जणांचे गुडघे ओलांडावे लागले असते.

वकीलबाई बोलायला उठल्या. आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. काळा कोट घालूनच आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पसरले. "हा कोट मास्तरांनी गेल्या वर्षी शिवला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. कोर्टात न्यायाधीशांनी मला विचारलं, कुठे शिवला म्हणून. असा हात पुन्हा होणे नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार, शेजारी सगळे वाजवत होते. तो कोट मला पाठ होता. मास्तरांनी त्याची पाठ दीड इंच आखूड कापली होती. चार दुपारी लागल्या होत्या मला.

मग मुलगा बोलला. बाप कसा होता ते त्याने सांगितलं. खोटं काही बोलला नाही तो, त्याला ठाऊक होतं तेवढं सगळं खरं बोलला. शेवटी म्हणाला, "आईने आयुष्यभर बाबांना साथ दिली. आता तिला आराम मिळणार आहे. आई, ये."

मी माइकपाशी गेले. कागद उघडला. एकनिष्ठ पती वाचलं, प्रेमळ पिता वाचलं, लाडके आजोबा वाचलं. हे सगळं ते होतेच, वाचायला जड गेलं नाही. 'त्यांच्या हातांत जादू होती' इथपर्यंत आले. पुढे लिहिलं होतं, 'ते हात थांबले'. ते माझ्याच्याने वाचवेना. हात थांबले नव्हते. कागद धरून उभे होते.

"वकीलबाई," मी म्हणाले, "तुमचा कोट मी शिवलाय. मास्तरांनी नाही. गेल्या सहा वर्षांतले सगळे कोट मी शिवलेत."

मला वाटलं होतं गलका होईल, मुलगा ओरडेल, कुणी उठून जाईल. तसलं काही झालं नाही. मागच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन शेजारणीला म्हणाली, "अगं, किती जीव होता बघ. मनाने खचलीय बिचारी." आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे बघून प्रेमाने हलल्या. मुलगा लगबगीने आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक हळूच आपल्याकडे घेतला. "आई फार दमली आहे," त्याने लोकांना सांगितलं. सूनबाईने पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला.

सात आठवडे ज्या वाक्याला मी भ्याले, त्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. आम्ही नवराबायकोने काम इतकं सफाईदार केलं होतं की त्यातून आता मलाच वाट सापडत नव्हती. नववा मजला दिसायला लागला. तिथे मी खिडकीशी बसून म्हणणार, कोट मी शिवले, आणि सूनबाई म्हणणार, हो आई, तुम्हीच शिवले, गोळी घ्या.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर प्रेमबीम काही नव्हतं, कोर्टातला चेहरा होता. "बाई काहीतरी सांगतायत. पुरावा आहे का, वहिनी?"

"अंगावर आहे तुमच्या."

त्यांनी कोट काढला आणि माझ्यापुढे धरला. "दाखवा."

"दाखवून याला कळणार नाही," मी मुलाकडे बोट केलं. "बापाने याला टाका ओळखायला शिकवलं नाही, साहेब व्हायला शिकवलं. पण बाहीचं अस्तर बाप स्वतःच लावायचा, हे याला ठाऊक आहे. उजव्या बाहीचं अस्तर मी सगळ्यांसमोर उसवते आणि परत शिवते. डाव्या बाहीला हात लावत नाही. मग दोन्ही शेजारी धरून बघा."

"आई, बस्स झालं, लोक बघतायत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. सहा वर्षांत कुणी बघितलं नाही."

माझ्या पर्समध्ये सुईदोरा नाही असा दिवस उगवत नाही. टाचणीने खुर्ची ओढली, मी फोटोकडे पाठ करून बसले, कारण त्यांच्याकडे बघत मला ते जमलं नसतं. अस्तर उसवलं. काळा दोरा ओवला. दुसऱ्या वेळी ओवला गेला. मग लागले शिवायला, डाव्या हाताने. बाहेर कुणीतरी चहाचे कप मांडत होतं तेवढा आवाज. मी भराभर शिवत नाही, मला घाई करता येत नाही. दहा-बारा मिनिटं गेली असतील. दोरा तोडला आणि कोट मुलाच्या हातात दिला.

त्याने दोन्ही बाह्यांची तोंडं उलटी करून शेजारी धरली. वकीलबाई त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. उजव्या हाताचा टाका एका बाजूला कलतो, माझा दुसऱ्या. हे कळायला शिंपी असावं लागत नाही, शेजारी धरलं की पोरालाही दिसतं. दोन्ही बाह्यांवर टाके एकाच बाजूला कलले होते. दोन टाक्यांतलं अंतरही तेच. मुलाने बोट फिरवलं, एकदा या बाहीवर, एकदा त्या बाहीवर. मग पुन्हा. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटलं, कशाला केलं मी हे? बापाला दुसऱ्यांदा नेलं याच्या हातून.

वकीलबाईंनी कोट त्याच्या हातातून घेतला, अंगात घातला आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. कुजबुज सुरू झाली. म्हणजे मास्तर नुसते... म्हणजे एवढी वर्षं आपण... मला भीती होती ती हीच कुजबुज.

मुलगा माझ्या खुर्चीशी खाली बसला, पायरीवर, कडक इस्त्रीच्या पँटसकट. माइक बाजूला होता, तो बोलला ते मला आणि टाचणीलाच ऐकू आलं.

"बाबांना माहीत होतं?"

टाचणी म्हणाली, "बाबा, ते गाठी..." मी तिला हाताने थांबवलं. गाठींचं मी त्याला घरी कोट समोर ठेवून दाखवणार होते. आत्ता माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून आमची खाट दिसते. उसवता उसवता मी दर पाच मिनिटांनी मान वर करून बघायचे, उठले तर नाहीत ना म्हणून. सहा वर्षांच्या दुपारी. खाटेवर त्यांची पाठ, भिंतीकडे तोंड, उजवा हात डोक्याखाली. दोनला तसे, तीनला तसे, चारलाही तसेच.

"दोन तास एका कुशीवर पडून असायचे रे," मी म्हणाले. "एकदाही हलले नाहीत. झोपलेला माणूस कधीतरी कूस बदलतो की नाही?"

तेव्हा मला रडू आलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा, आणि चांगलं मोठ्याने, सगळ्यांदेखत. मुलाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्यावर टक्कल, बाह्या अजून लांबच लागतात. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीने कोटाची शिवण चाचपली. विकत आणलेला कोट. पाठीत ढगळ होता.

"हा कुठून घेतलास?" मी विचारलं.

त्याने खिशातून रुमाल काढला, आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं.

"उद्या नऊला ये," मी म्हणाले. "दुकान उघडायचंय. शटर जड झालंय, मला एकटीला उचलत नाही."